वहीत 41 चमत्कार लिहिले, तरी विश्वास का बसत नाही?

आधी प्रश्न काय होता ते थोडक्यात लिहितो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. विचारणाऱ्यांची नोकरी जाऊन सहा महिने झालेत, वडिलांना स्ट्रोक येऊन उजवी बाजू गेलीय, आणि चर्चच्या मंडळीतले लोक सांगतायत की देवावर भरवसा ठेव, रोजचे छोटे छोटे चमत्कार टिपून ठेव, विश्वास आपोआप वाढेल. त्यांनी खरंच वही केली. 41 नोंदी झाल्या. परवा वाचायला घेतली तर एका नोंदीत "घाईत असताना तिन्ही सिग्नल हिरवे मिळाले" असं लिहिलेलं दिसलं आणि त्यांना स्वतःचंच हसू आलं. म्हणून विचारतायत की मी स्वतःला फसवतोय का, विश्वास ठेवायचा म्हणजे नक्की करायचं काय, आणि वही चालू ठेवू की फाडून टाकू.

फाडू नका. बाकीचं सावकाश सांगतो, लांब होईल, चहा... नाही, वेळ घेऊन बसा एवढंच.

मी गेली 23 वर्षं हॉस्पिटलमधे चॅप्लिनचं काम करतोय. म्हणजे पेशंटजवळ, नातेवाइकांजवळ जाऊन बसायचं, त्यांना हवी असेल तर प्रार्थना करायची आणि नको असेल तर नुसतंच बसायचं. मी ख्रिस्ती आहे, तुमचीही भाषा तीच दिसतेय, त्यामुळे उदाहरणं बायबलमधली येतील. ईश्वरज्ञानाचं पुस्तकी उत्तर देणारे माझ्यापेक्षा हुशार लोक पुष्कळ आहेत, माझं जे काही शिक्षण झालंय ते आयसीयूच्या बाहेरच्या खुर्च्यांवर झालंय, तेव्हा तेवढ्याच वजनाने घ्या.

तुम्ही सिग्नलबद्दल विचारलंय पण मला वाटतं खरी अडचण सिग्नलची नाहीये. तुम्हाला कोणीतरी एक गणित मांडून दिलं की एवढे एवढे चमत्कार जमा कर, बेरीज कर, खाली उत्तर येईल विश्वास. तुम्ही प्रामाणिकपणे 41 आकडे मांडले आणि खाली शून्य आलं. आता मनात तीनच गोष्टी येणार, एक तर नोंदी खोट्या, नाहीतर देव नाही, नाहीतर माझ्यातच काहीतरी कमी आहे. आणि रात्री दोन वाजता माणूस तिसरी गोष्ट धरून बसतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय. पण मुळात गणितच उलटं मांडलंय हे कोणी सांगत नाही.

चमत्कारांनी विश्वास तयार होत असता तर इस्राएली लोकांइतकी विश्वासू माणसं जगात झाली नसती. समुद्र दुभंगलेला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला आणि मिसर (इजिप्त) सोडून महिना होतोय तोच कुरकुर चालू, की तिकडेच मेलो असतो तर बरं झालं असतं. एलीया घ्या. कर्मेल डोंगरावर सगळ्यांसमोर आकाशातून अग्नी पडला, एवढा मोठा विजय, आणि पुढच्याच अध्यायात ईजबेल राणीची धमकी आली तर हा संदेष्टा रानात पळून एका झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, आता माझा प्राण घे. आग पाहिलेल्या माणसाची ही गत, मग हिरव्या सिग्नलने तुमचं काय होणार होतं? (सिग्नलवर राग नाही माझा. मलाही बरं वाटतं मिळाला की.)

आता योगायोगाचा मुद्दा, कारण तो तुम्हाला टोचतोय आणि टोचायलाच पाहिजे. केंब्रिजचे जॉन लिटलवुड म्हणून एक गणिती होऊन गेले, 1885 ते 1977, त्यांच्या नावाने एक हिशेब सांगतात. माणूस दिवसाचे आठ तास जागा, सावध असतो आणि दर सेकंदाला काहीतरी एक बघतो-ऐकतो असं धरलं, तर दिवसाला 28,800 घटना झाल्या. पस्तीस दिवसांत दहा लाखांच्या वर गेलं. म्हणजे ज्याला आपण "दहा लाखांत एक" म्हणतो ती गोष्ट प्रत्येकाच्या आयुष्यात साधारण महिन्याला एकदा व्हायलाच हवी. देवाला मधे न आणता. हा हिशेब मी पहिल्यांदा एका पेशंटकडून ऐकला, रिटायर्ड मास्तर होते ते, नास्तिक, आणि मला डिवचायलाच त्यांनी सांगितला. मी चिडलो नाही असं म्हणणार नाही. पण घरी जाऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं की त्यांनी माझं काहीच नेलेलं नाही. दुर्मिळपणा हा माझ्या देवाचा पुरावा होता तर तो आज ना उद्या जाणारच होता.

त्यात दुसरी भर आपल्या साक्षींची, म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगतात त्याची. मंडळीत साक्ष द्यायला कोण उभं राहतं? ज्याला उत्तर मिळालं तो. ज्याने चाळीस दिवस उपास-प्रार्थना केली आणि तरी मूल गेलं तो मागच्या बाकावर बसलेला असतो, त्याच्याकडे माइक जात नाही, आणि गेला तरी तो म्हणतो नको. म्हणून ऐकणाऱ्याला वाटतं की सगळ्यांना मिळतंय, मलाच नाही. यात कोणी खोटं बोलत नसतं, पण सगळं मिळून जे चित्र उभं राहतं ते खोटं असतं.

आणि 2006 चा तो अभ्यासही सांगूनच टाकतो, कोणीतरी खाली कमेंटमधे आणणारच आहे. अमेरिकेत बायपास झालेल्या 1,802 पेशंटवर केलेला. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही, पेशंटला नक्की माहीत नव्हतं. कॉम्प्लिकेशन्स दोन्हीकडे जवळजवळ सारखीच, 52 आणि 51 टक्के. तिसऱ्या गटाला सांगितलं होतं की तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होतेय, त्यांच्यात उलट 59 टक्के. माझ्या ओळखीच्या काही पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) हे आवडत नाही, ते म्हणतात देवाची परीक्षा बघू नये. मला तो अभ्यास अडचणीचा वाटत नाही कारण मी कधी ऑपरेशनचा रिझल्ट बदलून देणारी मशीन म्हणून प्रार्थना केलीच नाही. म्हणजे, खरं सांगायचं तर, सुरुवातीला केली होती. आणि त्याचीच गोष्ट आता सांगतो.

कामाला लागून वर्ष झालं असेल मला. एक लहान मुलगा, ब्लड कॅन्सर, आई रात्रंदिवस उशाशी. मी तिला सांगितलं, ताई विश्वास ठेवा, हा बरा होणार, मला आतून खात्री वाटतेय. तिने ते धरून ठेवलं. अकराव्या दिवशी मुलगा गेला. मी भेटायला गेलो तर ती एवढंच म्हणाली, "म्हणजे माझाच विश्वास कमी पडला ना?" ओरडली असती, मला हाकलून दिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिने माझं वाक्य घेऊन स्वतःवरच चालवलं. त्यानंतर मी आजपर्यंत कोणालाही "बरा होणार" असं देवाच्या नावाने सांगितलेलं नाही आणि दुसरं कोणी सांगत असेल तर मी त्याला बाहेर कॉरिडॉरमधे घेऊन जातो. येशूचा प्रेषित पौल, त्याने स्वतः आपल्या शरीरातला काटा, म्हणजे कसलातरी त्रास, जावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली आणि काटा राहिला तसाच. तोच पौल आपल्या तीमथ्य नावाच्या सहकाऱ्याला पत्राच्या शेवटी सहज कळवतो की त्रफिमाला मी मिलेतात आजारी सोडून आलो. सोडून आलो! ज्या माणसाच्या हातून लोक बरे झाले तो आपल्या सोबत्याला आजारी ठेवून पुढे गेला आणि त्याबद्दल काही स्पष्टीकरण नाही, माफी नाही, "त्रफिमाचा विश्वास कमी होता" असंही नाही. माझ्या आवडत्या ओळींपैकी आहे ही.

मग विश्वास ठेवतात म्हणजे करतात काय. मी रोज जे बघतो त्यावरून सांगतो. ऑपरेशनच्या आधी संमतीपत्र असतं. डॉक्टर किंवा ज्युनिअर येऊन वाचून दाखवतात, हे होऊ शकतं, ते होऊ शकतं, रक्तस्राव, इन्फेक्शन, क्वचित मृत्यूसुद्धा. पेशंट ऐकतो आणि खाली सही करतो. त्या क्षणी त्याला रिझल्ट माहीत नसतो, भीतीही गेलेली नसते. तो फक्त एवढंच करतो की आता मी या माणसाच्या हातात जातोय, टेबलावर झोपतोय, भूल घेतोय. रिझल्टची खात्री ही वेगळी गोष्ट आणि स्वतःला सोपवणं ही वेगळी गोष्ट, आणि आपण मंडळीत या दोन्हींना एकच नाव देऊन टाकलंय म्हणून इतका गोंधळ. बायबलमधले शद्रख, मेशख, अबेदनगो, राजाच्या मूर्तीपुढे वाकत नाहीत म्हणून त्यांना जळत्या भट्टीत टाकणार होते, तेव्हा ते राजाला काय म्हणाले? आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरीही आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. तो "नाही सोडवलं तरी" म्हणजे त्यांची सही.

आणि सही करताना हात थरथरतो. मी शेकडो बघितल्यात, नाव नीट लिहिता येत नाही लोकांना त्या वेळेला. थरथरती सही चालते, कागद परत करत नाही कोणी. मार्कच्या 9 व्या अध्यायात फेफरं येणाऱ्या मुलाचा बाप येशूला म्हणतो, विश्वास आहे माझा, माझा अविश्वास घालवा. एकाच दमात दोन्ही. आणि मुलगा बरा होतो. आधी अविश्वास संपवून ये, मग बघू, असं त्याला कोणी म्हटलं नाही.

ही उपमा एका ठिकाणी तुटते तेही सांगतो. सर्जन तुम्हाला आकडे देतो, शंभरातले इतके बरे होतात वगैरे, देव काही आकडे देत नाही. आणि सर्जनची तुम्ही चौकशी करू शकता, दुसऱ्याकडे जाऊ शकता. देवाच्या बाबतीत चौकशी म्हणजे काय तर त्याच्याबरोबर आधी जगून गेलेली माणसं, आणि त्यांची आयुष्यं नीट वाचलीत तर ती साक्षीच्या माइकसारखी गुळगुळीत नाहीत. पंडिता रमाबाईंचं घ्या. आई-वडील दुष्काळात गेले, नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेला, 1921 मधे एकुलती एक मुलगी मनोरमा गेली आणि 1922 मधे त्या स्वतः. मधल्या वर्षांत शेकडो बायका-मुलींना त्यांनी घर दिलं आणि मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या. त्यांना चमत्कार दिसले का म्हणून विचाराल तर दिसले असतील, पण त्यांनी सही चमत्कारांवर केली नव्हती एवढं नक्की.

थोडक्यात इथपर्यंत असं झालं की चमत्कार आधी आणि विश्वास नंतर, हा क्रम सोडा. सोपवणं आधी. चमत्कार दिसणं हे त्यानंतर, आणि तेही वेगळ्या कारणासाठी.

आता यात तुमच्या परिस्थितीवर अवलंबून असलेलं काही आहे. झोप लागत नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर आधी डॉक्टरकडे जा, वही नंतर. एलीया झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला प्रवचन दिलं नाही, विश्वास वाढवायला सांगितलं नाही. तो झोपला. देवदूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं. तो परत झोपला. परत उठवून परत भाकर दिली, म्हणाला तुला प्रवास झेपणार नाही नाहीतर. देवाचा आवाज त्यानंतर, पुष्कळ दिवसांनी. हा क्रम मी कधी चुकवत नाही. तसंच वडिलांची औषधं, फिजिओथेरपी यातलं काहीही "देव बघून घेईल" म्हणून ढिलं सोडू नका, स्ट्रोकनंतरचे पहिले काही महिने व्यायामाला फार महत्त्वाचे असतात आणि ते परत मिळत नाहीत. नोकरीचे अर्ज चालू ठेवा. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, हे सैतानाने येशूला सांगितलं होतं, ते तुम्हाला माहीत आहे. आणि कोणी म्हणालं इतके पैसे पेर म्हणजे नोकरी मिळेल, तर तिथून उठून या. यावर मला जास्त लिहायचंच नाही, रक्तदाब वाढतो.

बरं, आता वही. इथे मला खरं बोलायचंय.

रोजचा चमत्कार म्हणून बायबलमधे सगळ्यात लांब चाललेली गोष्ट कोणती, तर मान्ना, रानात इस्राएली लोकांना रोज आकाशातून मिळालेलं अन्न. चाळीस वर्षं. आणि त्या शब्दाचा अर्थ काय माहितीय? पहिल्या सकाळी दव उडून गेल्यावर जमिनीवर बारीक काहीतरी पडलेलं दिसलं आणि लोक एकमेकांना म्हणाले "मान हू?", म्हणजे "हे काय आहे?" तेच नाव पडलं. रोजच्या चमत्काराचं नाव म्हणजे एक प्रश्न आहे, बघितल्याबरोबर ओळखलं असं नाही, त्यांच्या पुढाऱ्याने, मोशेने, सांगितलं तेव्हा कळलं. मग अट अशी की त्या दिवसापुरतंच घ्यायचं. काहींनी उद्यासाठी ठेवलं तर किडे पडले, वास यायला लागला. शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढं दुप्पट. आणि बायबलमधल्या गणना या पुस्तकात पुढे बघाल तर तेच लोक म्हणतायत कंटाळा आला, या मान्न्याशिवाय दुसरं काही दिसतच नाही डोळ्यांना. आकाशातून पडणाऱ्या अन्नाचा कंटाळा. म्हणजे सवय ही गोष्ट इतकी ताकदवान आहे.

पण माझं लक्ष नेहमी शेवटाकडे जातं, तो फारसा कोणी सांगत नाही. यहोशवाच्या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायात ते लोक देवाने वचन दिलेल्या देशात पोचले, तिथल्या जमिनीचं धान्य त्यांनी खाल्लं, आणि दुसऱ्या दिवसापासून मान्ना बंद. एका वाक्यात संपवलंय. आता त्या दिवशी सकाळी एखादी म्हातारी सवयीने भांडं घेऊन बाहेर गेली असेल आणि जमीन कोरडी. तिने काय समजायचं, देव गेला? की आता तोच देव मातीतून देतोय, वरून नाही? चौथ्या-पाचव्या शतकातले ऑगस्टीन, हिप्पोचे बिशप, त्यांनी येशूच्या पाच भाकरींच्या गोष्टीवर बोलताना हेच म्हटलंय की पाच हजार लोकांना पाच भाकरींनी जेवू घालणं याचं लोकांना आश्चर्य वाटतं, पण मूठभर बियांतून शेतच्या शेत पिकवून तो जगाला रोज जेवू घालतो त्याचं वाटत नाही, आणि ते काही लहान काम आहे म्हणून नाही, नेहमीचं आहे म्हणून.

म्हणजे बघा, तुमच्या वहीचा घोळ इथे आहे. तुम्ही दुर्मिळ गोष्टी शोधताय. सिग्नल तीन हिरवे, अचानक आलेला फोन, वेळेवर मिळालेली रिक्षा असेल काहीतरी. दुर्मिळ गोष्टी लिटलवुडच्या हिशेबाने होतच राहणार आणि तुमचं डोकं, जे चांगलं चालतंय, ते म्हणणार योगायोग. नेहमीच्या गोष्टींना तो हिशेब लागूच होत नाही. त्या योगायोग नाहीतच, त्या रोज होतात. प्रश्न एवढाच की त्या "मिळालेल्या" आहेत असं तुम्ही धरता की "असतातच" असं धरता.

एक बाई होत्या, मिस्टरांना स्ट्रोक, तुमच्या वडिलांसारखाच. गिळता येत नव्हतं म्हणून नाकातून नळी. त्या रोज फाइलच्या कव्हरच्या मागच्या बाजूला पेन्सिलने एक ओळ लिहायच्या. मी एकदा विचारून वाचलं. "आज डोळे माझ्याकडे वळवले." "आज थेरपिस्टने चमच्याने पाणी देऊन बघितलं, ठसका लागला." "आज परत दिलं, परत ठसका." "आज घोट गिळला." एवढंच. देवाचं नावही नाही कुठे. आपण एक घोट गिळतो त्यात दोन डझनांहून जास्त स्नायू आणि मेंदूकडून येणाऱ्या पाच-सहा नसा ठरलेल्या क्रमाने काम करतात, श्वासाची वाट तेवढ्यापुरती बंद होते, आणि हे सगळं साधारण सेकंदभरात. तुम्ही हा मजकूर वाचताना किती वेळा गिळलं असेल, एकदाही कळलं नसेल. त्या बाईंना कळत होतं. आणि बघा, ठसका लागलेले दोन दिवसही त्यांनी तितक्याच अक्षरात लिहिले होते.

म्हणून मी तुम्हाला सांगेन की वहीत न झालेलंही लिहा. तारखेसकट. "आज इंटरव्ह्यूचं उत्तर आलं नाही. मागितलं होतं." तुमच्या 41 नोंदींत असं एकही नसेल अशी माझी पैज आहे, आणि म्हणूनच ती वही तुम्हाला खोटी वाटतेय, कारण ज्या जमाखर्चात फक्त जमाच आहे तो कोणालाही खोटाच वाटेल. ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर, 1805 ते 1898, अनाथाश्रम चालवले, आयुष्यभरात दहा हजारांच्या आसपास मुलं सांभाळली आणि कोणाकडे पैसे मागायचे नाहीत असं ठरवून. लोक त्यांची आठवण चमत्कारांसाठी काढतात पण मला त्यांचं हिशेब ठेवणं आवडतं, पैन् पै लिहायचे, दरवर्षी छापायचे, आणि शिलकेत काहीच उरलं नाही असे दिवसही त्यात आहेत. स्तोत्रसंहिता बघा, बायबलमधला स्तोत्रांचा संग्रह, 88 वं स्तोत्र अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, शेवटी "तरीही मी स्तुती करीन" वगैरे काही नाही. ते कोणी काढून टाकलं नाही. देवाच्या स्वतःच्या वहीत जर अशी पानं आहेत तर तुमच्या वहीत असायला काय हरकत आहे.

दुसरं, "देवाने केलं" असं लगेच लिहू नका. आधी काय झालं ते लिहा आणि कोणी केलं ते लिहा. रात्रपाळीच्या नर्सने वडिलांची कूस बदलताना त्यांच्याशी गप्पा मारल्या. जुन्या ऑफिसमधल्या माणसाने स्वतःहून सीव्ही मागितला. असं. अर्थ लावायची घाई नको, अर्थ नंतर लागतो किंवा लागतही नाही. घाईने लावलेला अर्थ पुढे उलटला की माणूस घटनाच नाकारायला लागतो, तुमचं तेच झालंय, तो सिग्नल खरंच हिरवा होता हो, तुम्ही खरंच वेळेवर पोचलात, त्यात हसण्यासारखं काही नाही. फक्त त्याच्यावर जेवढं वजन ठेवलंत तेवढं त्याला पेललं नाही. आणि पुढची पायरी म्हणजे गिदोनाच्या लोकरीचा खेळ (बायबलमधल्या गिदोनाने रात्री बाहेर लोकर ठेवून देवाकडे खूण मागितली होती), की उद्या सिग्नल हिरवा मिळाला तर ही नोकरी देवाची इच्छा, तो तर अजिबात नको. गिदोनाला देवाने चालवून घेतलं, पण देव आधीच त्याच्याशी स्पष्ट बोलला होता आणि तरी त्याचं समाधान होत नव्हतं, त्याचं कौतुक म्हणून ती गोष्ट तिथे नाही असं माझं मत. दुसऱ्यांचं वेगळं असेल.

तिसरं, मागे जाऊन वाचायचा एक दिवस ठरवा, महिन्यातून एकदा पुरे. लूकच्या 17 व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी आहेत. "जा, याजकाला दाखवा" म्हटल्यावर ते निघाले आणि वाटेत चालता चालता बरे झाले, म्हणजे निघताना अंगावर काहीच बदललं नव्हतं, हे लक्षात घ्या. दहाच्या दहा बरे झाले. परत फिरला एकच. बाकी नऊ जणांचा विश्वास कमी होता असं मला वाटत नाही, निघाले होते तेही. ते फक्त परत आले नाहीत. वही म्हणजे परत येण्याची जागा आहे. 2003 मधे एमन्स आणि मॅक्क्युलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना आठवड्याला थोडं थोडं लिहायला लावलं होतं, काहींना ज्याबद्दल कृतज्ञ आहात ते, काहींना कटकटी, काहींना नुसत्याच घडलेल्या गोष्टी, आणि पहिल्या गटाला आयुष्याबद्दल जास्त बरं वाटत होतं. यात देव सिद्ध होत नाही. एवढंच की लक्ष देणं ही करायची गोष्ट आहे, आपोआप होत नाही, आणि विश्वास असणाऱ्यालाही ती करावीच लागते.

आता तुम्ही विचाराल त्या बाईंच्या मिस्टरांचं काय झालं. पाचव्या आठवड्यात न्यूमोनिया झाला आणि गेले. त्या काही महिन्यांनी कसल्यातरी कागदपत्रांसाठी आल्या होत्या तेव्हा मला भेटल्या. ते फाइलचं कव्हर त्यांनी कापून ठेवलंय. मी विचारलं, परत वाचता का. म्हणाल्या, "वाचते. देवाला दाखवायला नव्हतं लिहिलं हो मी. मला ते दिवस नुसते आजारपणाचे म्हणून आठवायला नको होते." त्यांचा विश्वास आता कसा आहे ते मी विचारलं नाही, ते माझं काम नाही. पण त्या अजून रोज संध्याकाळी प्रार्थनेला बसतात असं त्यांच्या मुलीने सांगितलं, कधी कधी काहीच न बोलता.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट मला खटकली, रागावू नका. तुम्ही सिग्नल सांगितलात, नोकरी सांगितलीत, वडिलांबद्दल मात्र "उजवी बाजू गेली" एवढ्यावरच थांबलात. ते बोलू शकतात का, जेवतात का, उजवा अंगठा थोडा तरी हलतो का, काहीच नाही. त्या 41 मधल्या किती नोंदी त्यांच्याबद्दल आहेत ते आज मोजून बघा आणि इथेच खाली लिहा, मग पुढचं बोलू.